आधी स्पीकरचा स्विच

कॉम्प्युटर उघडला, दुरुस्त केला आणि परत जोडला की एखादा स्क्रू हमखास उरतो. का उरतो ते विचारू नका. मशीन व्यवस्थित चालू होतं, गिऱ्हाईक खुशीत घरी जातं, आणि टेबलावर तो एकटा स्क्रू आपल्याकडे बघत बसतो. टाकून द्यायला मन होत नाही. वेस्ट मांबलमच्या आमच्या दुकानात असे सगळे स्क्रू कॉफी पावडरच्या एका रिकाम्या डब्यात जायचे. किश्शांचंही तसंच झालं. कामं झाली, माणसं पांगली, आणि हे एवढं उरलं.

तो डबा आता सोलापुरात माझ्या घरी आहे. दुकान बंद झालं तेव्हा मालक भीमराव म्हणाले, "सुनंदाबाई, हा डबा तुमीच न्या. यांत तुमचेच जास्ती आहेत." हा टोमणा होता की भेट, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण कधी तो डबा हलवला आणि आतून खुळखुळ ऐकू आली, की मला ते दुकान अख्खं दिसतं. भीमराव, सेल्वम, मी, आणि शटरबाहेर चपला काढून आत येणारी गिऱ्हाइकं. दुकानात काय चपला काढायच्या? पण तिथे काढायचे. मशीनला लोक मान द्यायचे हो तेव्हा.

* * *

मी तिथे कशी लागले, तोही किस्साच आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याची बँकेने चेन्नईला बदली केली. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, हातात काम नव्हतं आणि तमिळ येत नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरचा आवाज एकदम बंद झाला. मी कॅबिनेट उघडलं, साउंड कार्ड काढलं, खोडरबराने पुसलं, परत बसवलं. आवाज नाही. शेवटी सीपीयू, मॉनिटर, स्पीकर असा सगळा संसार रिक्षात घालून मी स्टेशनजवळच्या दुकानात गेले.

काउंटरवरच्या माणसाने पावतीवर माझं नाव लिहिता लिहिता वर पाहिलं आणि विचारलं, "मराठी काय तुमी? आमी पण. तंजावरकडचे."

त्यांचं मराठी ऐकून मी थक्क झाले. शब्द जुने, चाल तमिळ. आजोबांच्या पोथीला इडलीचा वास यावा तसं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही. स्पीकरच्या पाठीमागे बोट नेलं, एक बारीक स्विच दाबला आणि आवाज आला.

"तुमी काय शिकलात?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघत डिप्लोमा सांगितला.

"बरें झालें," भीमराव म्हणाले. "सोल्डरिंग येतें ना? उद्यापासून या. पहिला धडा आजच झाला."

दुकानाचा नियमच होता तो. साउंडची तक्रार आली की आधी स्पीकरचा स्विच बघायचा. भिंतीवर तमिळ आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी लागल्यावर भीमरावांनी खाली मराठीतही लिहवून घेतलं. ते वाचणारी दुकानात मी एकटीच होते, हे वेगळं सांगायला नको.

* * *

पहिल्याच आठवड्यात मला रामचंद्ररावांच्या घरी पाठवलं. रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ, तंजावरकडचे मराठी, भीमरावांचे लांबचे नातलग. घरात ते, त्यांची बायको तुळजाबाई, त्यांची विधवा थोरली बहीण कावेरीअक्का, आणि कॉलेजसाठी आजी-आजोबांकडे राहिलेली नात विद्या. विद्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तमिळमध्ये.

तक्रार अशी की रेकॉर्ड होतं, पण ऐकायला गेलं तर काही नाही. मागे वाकून बघितलं. माइकची पिन स्पीकरच्या हिरव्या भोकात होती. गुलाबी भोकात घातली, काम झालं.

"एवढेंच?" तुळजाबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुमी दोन दिवस पेपर वाचतां तसे त्या डब्याकडे बघत बसलां."

काय रेकॉर्ड करताय, असं मी सहज विचारलं. तिकडे लग्नात नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवतात, त्याला ऊंजल म्हणतात. बायका भोवती उभ्या राहून गाणी म्हणतात. तुळजाबाईंकडची ती गाणी मराठीत होती आणि त्यांच्या आजीकडून आलेली. घरात आता ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

"विद्याच्या लग्नांत म्हणायला," त्या म्हणाल्या. "मी असलें तर मी म्हणेन. नसलें तर हा डबा म्हणेल."

"मग लिहूनही ठेवा ना."

"शब्द लिहीन. चाल कुठें लिहूं?"

रेकॉर्डिंगची अडचण एकच होती. त्या काळी कॉम्प्युटरमधला साधा रेकॉर्डर एका मिनिटात आपोआप थांबायचा. गाणं ऐन रंगात यायचं आणि रेकॉर्डर तोंड मिटायचा. तुळजाबाई पुढची ओळ हवेत म्हणत राहायच्या. मग रामचंद्ररावांनी परत बटण दाबायचं, नव्याने सुरू. मी तुळजाबाईंना आमच्या दुकानाचा नियम सांगितला, की दर वेळी आधी स्विच बघत जा. तो त्यांना फारच आवडला. नवऱ्याला सांगायला एक नवं कलम मिळालं म्हणून असेल.

निघताना पाणी घ्यावं म्हणून मी फ्रिजच्या मुठीला हात लावला मात्र, स्वयंपाकघरातून कावेरीअक्का ओरडल्या, "अय्यो, तिथें हात नको!"

त्या घरचा फ्रिज सोवळ्यातला होता. दूध, दही, इडलीचं पीठ सगळं अक्कांच्या ताब्यात. बाहेरून आलेली वस्तू आत जायची नाही आणि अक्कांशिवाय कुणी दार उघडायचं नाही. तुळजाबाईंनाही लग्न होऊन बरीच वर्षं झाल्यावर परवानगी मिळाली होती, असं त्यांनीच मला दाराशी येऊन हळूच सांगितलं. नणंद-भावजयीचं त्या घरात एकाच गोष्टीवर एकमत असायचं, ते म्हणजे रामचंद्ररावांना काही जमत नाही.

* * *

आमच्या गल्लीच्या टोकाला विशालाक्षी मामी गाणं शिकवायच्या. कर्नाटक संगीत. घरात कॉम्प्युटर मुलाचा, पण खोली मामींची. त्यांची तक्रार, "स्पीकर सारखा गुणगुणतो."

सेल्वम गेला. सेल्वम आमचा खरा कारागीर. दुकानातलं निम्मं काम तो करायचा आणि उरलेलं निम्मं आम्ही केलेलं परत करायचा. त्याला मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, आम्ही दोघं इंग्रजीत भांडायचो. त्याने तिथे प्लगची अर्थिंग तपासली, वायर बदलली, गुणगुण बंद. मामींनी त्याला कॉफी दिली.

दुसऱ्या आठवड्यात मामी स्वतः दुकानात. चेहरा उतरलेला.

"परत गुणगुणतोय?" भीमरावांनी विचारलं.

"नाही. तेच सांगायला आले. मुलींची श्रुती बिघडली." झालं असं, की वर्षभर त्या गुणगुणीवरच मामींनी नव्या मुलींचा षड्ज लावून घेतला होता. तो इतका पक्का होता, की तंबोरा काढायची गरजच पडली नव्हती. "तुम्ही आमचा सा घेऊन गेलात. परत आणून द्या."

सेल्वमने गंभीरपणे जुनी वायर शोधून काढली आणि परत लावून दिली. माझ्या माहितीत बिघाड परत बसवून मिळालेली ती एकच दुरुस्ती.

* * *

चेन्नईत राहिलेल्याला आयुधपूजा काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जे जे काम करतं, त्याची पूजा. बस, रिक्षा, लेथ, शिलाई मशीन, कात्री. सगळ्याला चंदन, कुंकू, फुलं. दसरा झाला की आमच्या दुकानात गर्दी उसळायची.

गिंडीच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरची पूजा मनोभावे केली होती. मी गेले तर साउंडच्या तिन्ही भोकांत चंदन. निळ्यात, हिरव्यात, गुलाबीत. बोटाने दाबून भरलेलं, वर कुंकू. सुकून सिमेंट झालं होतं.

"आत का घातलं सर?" मी विचारलं.

"मॅडम, तीन डोळे होते," मालक म्हणाले. "तीन डोळ्यांच्या देवाला सोडून कसं चालेल?"

मी सुईने ते कोरून काढायला लागले तर त्यांचा जीव वरखाली. लावलेला टिळा पुसायचा म्हणजे अपशकुन. शेवटी तडजोड झाली. आधी नवं कार्ड आणायचं, त्याला टिळा लावायचा, मग जुनं काढायचं. नव्या कार्डाला टिळा कुठे लावायचा ते मात्र मी बोट धरून दाखवलं.

भीमरावांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या आधीच गोल पिवळे स्टिकर छापून आणले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटवर पुढच्या बाजूला एक स्टिकर. चंदन फक्त इथे. त्या वर्षी एकही भोक बुजलं नाही. गंमत म्हणजे स्टिकर नसलेले लोक तक्रार घेऊन यायला लागले, की आमच्या मशीनला टिळ्याची जागाच दिलेली नाही, कंपनीने फसवलं!

* * *

पेरुंगुडीचा किस्सा आमच्या मराठी मंडळींचा आहे, म्हणून जरा जपून सांगते.

तिकडच्या एका अपार्टमेंटमध्ये पुण्याचं एक तरुण जोडपं राहायचं. नवरा मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत. फोनवर त्याने इतकी माहिती दिली, की मी जायची गरजच काय असं मला वाटलं. हार्ड डिस्क टिकटिकतेय, हेड गेलंय, हा सिम्प्टम क्लासिक आहे, वगैरे. बॅकअपसाठी नवी डिस्कही आणून ठेवली होती त्याने.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरची नळी असते तसं. आत सगळं शांत. पण टिकटिक तर येतच होती. टेबल पुढे ओढलं. कॅबिनेटच्या मागे भिंतीला, उबेला, एक गलेलठ्ठ पाल बसली होती. ती माझ्याकडे बघून अजून एकदा चुकचुकली.

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बायको दारातून म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय पाल आहे म्हणून. तर म्हणे तुला हार्डवेअरमधलं काय कळतं."

मी तेव्हा पोटभर हसले. खऱ्या टिकटिकीशी गाठ त्यानंतर पडायची होती.

* * *

तुळजाबाई गेल्या. त्यांना काही मोठं आजारपण नव्हतं. सकाळी कॉफी झाली आणि दुपारी त्या नव्हत्या. मी भेटायला गेले तर त्या घरात इतकी शांतता होती, की मला दाराशीच रडू आलं. त्या शांततेची सवय नव्हती हो मला. त्या घरी गेलं की कुणी ना कुणी रामचंद्ररावांना रागावत असायचं. कॉम्प्युटरवर कुणीतरी टॉवेल झाकून ठेवला होता.

वर्ष उलटल्यावर विद्याचं लग्न ठरलं. तै महिन्यात, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर. मुलगा तमिळ, तिच्याच कॉलेजातला. विद्याने एकच हट्ट धरला, की ऊंजलला आजीचीच गाणी हवीत. टॉवेल काढला, कॉम्प्युटर लावला, तर तो सुरूच होईना.

रामचंद्रराव सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून दुकानात आले. काउंटरवर ठेवून म्हणाले, "भीमा, आंत काही वाजतें."

भीमरावांनी वायर लावली. टिक. थोडं थांबून टिक. पुन्हा तेवढंच थांबून टिक. आमचं तिघांचंही काम थांबलं. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. डिस्कमधलं वाचायचं हेड जागेवर जायला बघतं, जमत नाही, मागे येतं, परत जायला बघतं. पाल तरी दमते मधेच, हे दमत नाही.

"दुसरीकडे कुठें कॉपी?" भीमरावांनी विचारलं.

रामचंद्ररावांनी मान हलवली. "करतों, करतों म्हणत राहिलों."

दिवसभर आम्ही सगळं करून पाहिलं. केबल बदलली, मशीन बदललं, डिस्क उभी धरली, आडवी धरली. कधी डिस्कचं नाव स्क्रीनवर दिसायचं, उघडायला गेलं की गायब. रामचंद्रराव स्टुलावर बसून होते. चहा पुढे केला तरी घेतला नाही. एकदाच म्हणाले, "फोटो वगैरे जाऊं दे. गाणीं तेवढीं काढ."

शेवटी सेल्वम म्हणाला, "सर, फ्रीजर."

तेव्हा हा उपाय दुकानादुकानांतून चालायचा. मरायला टेकलेली डिस्क घट्ट पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. चांगली गार झाली की बाहेर काढून लगेच लावायची. नशीब असेल तर गरम होईपर्यंत चालते, तेवढ्यात जे हाताला लागेल ते ओढून घ्यायचं. परत दुसऱ्यांदा बहुतेक जमत नाही. म्हणजे फ्रिज कॉम्प्युटरच्या अगदी शेजारी पाहिजे, आणि मधे कुणी दार उघडता कामा नये. आमच्या दुकानात फ्रिज नव्हता. शेजारच्या सोडावाल्याचा फ्रिज मिनिटामिनिटाला उघडायचा.

सगळ्यांनी रामचंद्ररावांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. "अक्का," ते म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं, बरोबर पिशवीतली डिस्क आणि दुकानातलं मशीन, असे त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे. बोलायचं कुणी? भीमराव नातलग, पण त्यांनी अचानक चष्मा पुसायला घेतला. सेल्वमला मराठी येत नव्हतं, ते त्या दिवशी त्याच्या चांगलंच पथ्यावर पडलं. मग मीच सांगितलं. असं असं आहे अक्का, ही डिस्क तुमच्या फ्रिजमध्ये दुपारपर्यंत ठेवायला लागेल.

अक्कांनी ती पिशवी लांबून पाहिली. "हें दुकानांतलें?"

"हो."

"किती लोकांचा हात लागला याला?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "पुष्कळांचा," मी म्हटलं.

रामचंद्रराव भिंतीकडे बघत होते. विद्या आतल्या दाराशी उभी होती, तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार या.

"यांत तिचा आवाज आहे म्हणतां?" अक्कांनी विचारलं.

"आहे."

"मग ती घरचीच," अक्का म्हणाल्या. "आणा हिकडे."

त्यांनी फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यातलं सगळं बाहेर काढलं. एक स्टीलचा डबा घासला, पुसला, त्यात ती पिशवी स्वतःच्या हाताने ठेवली, झाकण लावलं आणि डबा आत सरकवला. मग फ्रिजसमोर पाट घेतला आणि जपमाळ घेऊन बसल्या. दुपारपर्यंत त्या घरात कुणाला ताकाचा थेंब मिळाला नाही. रामचंद्ररावांनी एकदा घसा खाकरून बघितला, तर अक्कांनी माळ न थांबवता बोट वर केलं.

दुपारी सेल्वमने मशीन उघडून वायर हातात धरली. अक्कांनी डबा दिला. पिशवी फाडली, डिस्क पुसली, जोडली. टिक झालं नाही. नाव दिसलं. फोल्डर उघडलं. फाइली एकेक करून आमच्या मशीनमध्ये यायला लागल्या. प्रत्येक फाइल एका मिनिटाची, म्हणून बारकी, म्हणून झरझर यायची. तुळजाबाईंनी ज्याच्यावर एवढी चिडचिड केली, तो एका मिनिटाचा रेकॉर्डरच तेव्हा उपयोगी पडला. भीमराव डिस्कवर तळवा ठेवून होते. "तापते आहे," ते पुटपुटले. शेवटची फाइल आली आणि थोड्याच वेळात ती ओळखीची टिक सुरू झाली. यावेळी ती थांबली ती कायमची.

मी अक्कांना वळून सांगितलं, "आली सगळी."

"मग दही बाहेर काढतें," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. पाठमोऱ्या असताना त्यांनी पदराने डोळे पुसले, ते मी बघितलं.

* * *

आता उरलं एक काम. ते तुकडे जोडून सीडी करायची. माझे सासू-सासरे सोलापूरहून आले होते, त्यांना घेऊन मी महाबलीपुरमला गेले. भीमराव लग्नघरच्या कामात बुडाले. सेल्वमने एकट्याने बसून सगळं जोडलं. तारखेप्रमाणे लावलं, खरखर कमी केली, सीडी केली, वर सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं. लग्नाच्या दिवशी मंडपात मला सीडी दाखवत म्हणाला, "सूपर साँग्स, मॅडम. बट एव्हरी साँग, सेम पल्लवी."

पल्लवी म्हणजे आपलं धृपद. असेल तशी पद्धत, मी मनात म्हटलं. गर्दीत कुणीतरी हाक मारली आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

झोपाळा फुलांनी भरला होता. विद्या आणि नवरामुलगा बसले. बायका दूध-केळं घेऊन उभ्या. रामचंद्रराव नवी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून झोपाळ्याच्या साखळीला धरून होते. कावेरीअक्का पद्धतीप्रमाणे मागे, खांबाच्या आड, एकट्या खुर्चीवर. भीमरावांनी सीडी घातली, बटण दाबलं.

आवाज नाही.

लाउडस्पीकरवाला धावत आला. वायरी ओढायला लागला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. विद्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. भीमरावांच्या कपाळावर घाम. त्यांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेलाच होता, तेवढ्यात मी अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे वाकले. नादस्वरम, म्हणजे तिकडची सनई, सुरू असताना कुणीतरी मोठ्या स्पीकरचा स्विच बंद करून ठेवला होता. मी तो दाबला.

अख्ख्या मंडपात तुळजाबाईंचा आवाज घुमला, तोच, ठसक्याचा. "अहो, स्विच बघितलात का? पहिलें तें बघा."

आणि रामचंद्ररावांनी साखळी हातात धरून, सवयीने, मोठ्याने उत्तर दिलं, "बघितलों गं."

गाणं सुरू झालं. विद्या झोपाळ्यावर पुढेमागे होत ऐकत होती, नवरामुलगा तिच्याकडे बघत होता, बायका चाल धरायला बघत होत्या. गाणं ऐन रंगात आलं आणि मिनिट भरलं. मधेच तुटलं. झोपाळा चालत राहिला.

"अहो, स्विच बघितलात का?" तुळजाबाई परत म्हणाल्या. "पहिलें तें बघा."

रामचंद्ररावांनी तोंड उघडलं, पण त्यांना बोलवेना.

तेव्हा खांबाआडून अक्कांचा आवाज आला.

"बघितला गं त्यानें. तूं गा."